टीव्हीवरून उतरवलेले कार्यक्रम: मूळ फाइल ठेवता की कापलेली? (अनुभव धागा)

सांजवात

नातेवाइकांच्या ग्रुपवर परवा एका जुन्या मराठी मालिकेची फाइल फिरत आली. "जाहिराती काढून, चित्र स्वच्छ करून" अशी. शीर्षकगीत अर्धवट, शेवटची नामावली गायब, चेहरे मेणासारखे गुळगुळीत. तेव्हापासून हे डोक्यात आहे, म्हणून धागा.

सेटटॉप बॉक्सवरून पेनड्राइव्हवर रेकॉर्ड केलेलं, जुन्या व्हीसीडी-डीव्हीडीवरून काढलेलं, अॅपमधून रीतसर डाउनलोड केलेलं असं बरंच काही आपल्या सगळ्यांकडे असतं. त्यातलं मूळ ठेवायचं की सजवलेलं?

माझं मत स्पष्ट आहे. मुळाला हात लावायचा नाही, बघायला वेगळी प्रत करायची. जागेचं कारण आता चालत नाही. साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या चॅनेलचा प्रवाह सेकंदाला ३ मेगाबिट धरला तर तासाला साधारण १.३५ जीबी होतात. १ टीबीच्या डिस्कवर ७०० तासांच्या वर मावतं. अॅपमधल्या डाउनलोडचं मात्र वेगळं. ते कुलूपबंद असतं आणि मुदत संपली की जातं. ती प्रत आपली धरूच नका.

तुम्ही काय करता ते लिहा. कुठल्या पायरीला काय बिघडतं तेही लिहा.

खुंटीवरचा_कोट

मूळ ठेवा याला अनुमोदन. फक्त आधी "मूळ" नीट गोळा करा. पेनड्राइव्ह फॅट३२ (फाइली साठवायची एक जुनी पद्धत) असेल तर ४ जीबीच्या वर एक फाइल जात नाही, म्हणून बॉक्स रेकॉर्डिंगचे तुकडे करतो. ते तुकडे एडिटरमध्ये टाकून जोडायची गरज नाही. बॉक्स रेकॉर्ड करतो ती टीएस फाइल म्हणजे १८८ बाइटांच्या पाकिटांची रांग, एकामागे एक लावली की झालं. विंडोजच्या कमांड खिडकीत कॉपी आज्ञेला "बी" हा स्विच देऊन क्रमाने अधिकच्या चिन्हाने जोडा. स्विच राहिला तर विंडोज त्याला मजकुराची फाइल समजतं आणि पहिलं कंट्रोल-झेड चिन्ह आलं की तो तुकडा तिथेच तोडतं. जोडलेल्या फाइलचा आकार तुकड्यांच्या बेरजेइतका आला का ते बघा, मगच तुकडे पुसा.

डीटीएच कंपन्यांच्या रेकॉर्डर बॉक्समधलं रेकॉर्डिंग बहुधा त्याच बॉक्सवर चालतं, कारण ते कूटबद्ध असतं. बॉक्स गेला की तेही गेलं. फ्री डिशच्या साध्या बॉक्सवरचं मात्र संगणकावर उघडतं.

चकली

कुकर लावलाय, पटकन विचारते. आईला पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावून बघायचं असतं. संगणक नको, मोबाइल नको. मूळ फाइल लावली तर हलताना कडांना कंगव्यासारख्या रेघा येतात. काय करू?

टेपवाला

चकलीताई, त्या रेघा म्हणजे बिघाड नव्हे. आपल्याकडचं साधं प्रक्षेपण सेकंदाला २५ चित्रांचं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत येतं. आधी विषम ओळी, मग सम. म्हणजे हालचालीचे ५० क्षण. टीव्हीचा यूएसबी प्लेयर हे अर्धे नीट उलगडत नाही, म्हणून रेघा.

आईसाठी वेगळी प्रत करा. हँडब्रेक हा व्हिडिओ बदलून देणारा प्रोग्रॅम घ्या, डीइंटरलेसमध्ये (अर्धी चित्रं उलगडून पूर्ण करणं) "बॉब" निवडा आणि फ्रेमरेट ५० ठेवा. बॉब न निवडता २५ वर काढलं तर अर्धी हालचाल फेकली जाते. क्रिकेट आणि नाच लगेच अडखळतात, बातम्यांत कळतही नाही. पुढची सेटिंग अशी: चित्र एच.२६४, ८-बिट, गुणवत्तेचा आकडा १८ ते २०, आवाज एएसी, फाइल एमपी४. जुन्या टीव्हीला हेच पचतं.

आणि ही प्रत कधीही "मूळ" म्हणून साठवू नका. आणखी काही वर्षांनी डीइंटरलेस करायची याहून चांगली साधनं येतील. तेव्हा ते अर्धे शाबूत हवेत.

उसगावकर

इथे अमेरिकेत बसून एक मुद्दा. "माझ्या फाइलमध्ये एक मिनिट कमी आहे, म्हणजे कापलीय" असं लगेच ठरवू नका. बऱ्याच अमेरिकन मालिका सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने फिल्मवर चित्रित झाल्या. भारत-युरोपच्या पाल पद्धतीत त्या सरळ २५ ने पळवल्या जायच्या. २२ मिनिटांचा भाग २१ मिनिटं ७ सेकंदांत संपतो. एकही प्रसंग गेलेला नसतो, फक्त सगळं ४ टक्के घाईत होतं आणि आवाज जवळजवळ पाऊण स्वर, म्हणजे पाश्चात्त्य हिशेबाने पाऊण सेमीटोन, चढतो. शीर्षकगीत ओळखीचं असेल तर कान लगेच टोकतो.

उलटंही असतं. 'फ्रेंड्स'च्या जुन्या डीव्हीडीत प्रक्षेपणात नसलेले जादा प्रसंग आहेत. नंतरची एचडी ब्लू-रे आणि स्ट्रीमिंगची प्रत मात्र टीव्हीवर दाखवलेल्या लांबीची. आता यात मूळ कोणतं? प्रक्षेपणाला मूळ मानलं तर लांब प्रत "संपादित" ठरते. मी दोन्ही ठेवतो आणि फाइलच्या नावातच लिहितो: डीव्हीडी-लांब, प्रक्षेपण-एचडी.

नीलमोहर

लांबीत मोजून प्रश्न सुटत नाही, आकारही बघा. जुन्या मालिका ४:३ च्या. १६:९ च्या पडद्यावर बसवायला दोन वाटा: ताणणं किंवा छाटणं. ताणलं तर माणसं ३३ टक्के रुंद दिसतात, पण चित्र पूर्ण असतं. एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅममध्ये दाखवायचं गुणोत्तर ४:३ लिहिलं की, पुन्हा एन्कोड न करता (म्हणजे चित्र नव्याने न दाबता), पूर्ववत. छाटलं तर उंचीचा चौथा हिस्सा गेला आणि तो परत येत नाही. आपल्याकडच्या नामावल्या खालून वर सरकतात किंवा तळाशी असतात, त्या आधी जातात.

'द सिम्पसन्स' २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर छाटून आली. प्रेक्षकांनी इतकी ओरड केली की मे २०२० मध्ये ४:३ चा पर्याय द्यावा लागला. 'साइनफेल्ड' २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आली तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यावर बेतलेल्या भागात खड्डाच चौकटीबाहेर गेला. विनोद ज्याच्यावर उभा, तेच दिसेना.

पन्हाळ्याचा_वारा

खड्डा गायब! आमच्या रस्त्यावर पाठवा तो एडिटर. 😀

नीलमोहर

🙏😀 पण एक न्यायाची गोष्ट राहिली. फिल्मवर चित्रित झालेल्या मालिका नव्याने स्कॅन करतात तेव्हा डावी-उजवीकडे थोडं जादा चित्र मिळतं. व्हिडिओ टेपवर झालेल्या मालिकांत ते मुळातच नसतं. तिथे १६:९ म्हणजे निव्वळ तोटा.

अण्णांचा_ट्रान्झिस्टर

आवाजाबद्दल कुणीच बोललं नाही. जुन्या मैफलींच्या "स्वच्छ केलेल्या" प्रती अजिबात घेऊ नका. खरखर काढणारी साधनं सतत येणाऱ्या आवाजाला खरखर समजतात. मैफलीत सतत काय येतं? तानपुरा. नमुना म्हणून सुरुवातीची "शांतता" दिली जाते, तिच्यात तानपुरा वाजतच असतो. मग तोच पुसला जातो आणि गळ्याच्या मागे पाण्यात बुडल्यासारखी गुळगुळ राहते.

करायचंच असेल तर असं करा. तानपुरे सुरू होण्याआधीचा, नुसत्या टेपचा अर्धा-एक सेकंद सापडला तरच तो नमुना घ्या, आणि घट ६ डेसिबलच्या वर नेऊ नका. नाही सापडला तर खरखर राहू द्या. विजेची घरघर ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटीत १००, १५० वर असते. तिथे अगदी अरुंद खाच (तेवढाच पट्टा कापणारा नॉच फिल्टर) मारा. रुंद मारली तर डग्ग्याचा घुमारा जातो. जुन्या टेपांत बारीक शिट्टी येत असेल तर ती टीव्हीच्या ओळींची, १५,६२५ हर्ट्झ. ती खुशाल काढा, गाण्यातलं काही जाणवण्याजोगं जात नाही.

मोनोचं कृत्रिम स्टिरिओ केलेलं दिसलं की ती फाइल मी ऐकायलाही घेत नाही.

सांजवात

अण्णा, हे तानपुऱ्याचं फार महत्त्वाचं. धन्यवाद. आमच्याकडच्या एका मैफलीच्या फाइलचं कोडं आत्ता सुटलं.

गोंयकार_अँटेना

पावसाळ्यात मूळ फाइलच फाटकी येते हेही लिहायला हवं. फ्री डिश जीसॅट-१५ वरून, ९३.५ अंश पूर्वेला, केयू बँडमध्ये. जोराचा पाऊस आला की सिग्नल पडतो आणि रेकॉर्डिंगमध्ये चौकोन येतात. अशी टीएस थेट एडिटरमध्ये टाकली की हरवलेल्या पाकिटांपासून पुढे आवाज आणि ओठ जुळत नाहीत. आधी प्रोजेक्टएक्स या प्रोग्रॅममधून काढा. ते फाइलमधल्या वेळेच्या खुणा वाचतं आणि जेवढं चित्र गेलं त्या हिशेबाने आवाज बसवतं. जावावर चालतं, जुनं आहे, पण एमपेग-२ साठी अजून उत्तम. एमपेग-४ चॅनेलला त्याचा उपयोग नाही.

लिंबूटिंबू

दादा, पाऊस नसतानाही आमच्याकडे चौकोन येतात. डिश हललीय का?

गोंयकार_अँटेना

आधी एलएनबीचा (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा डबा) कनेक्टर काढून बघ. आतली तांब्याची तार हिरवी-काळी पडली असेल तर पाणी शिरलंय. तेवढी केबल कापून नवा एफ-कनेक्टर लाव, वरून सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून गुंडाळ. साधी इन्सुलेशन टेप उन्हात सुटते. एलएनबीच्या खाली केबलला एक वळसा सोड, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, कनेक्टरकडे जात नाही. डिश शेवटी हलव.

खुंटीवरचा_कोट

मूळ विषयाकडे. जाहिराती कापणाऱ्यांसाठी. एन्कोड न करता कापायचं तर काप मुख्य चौकटीवरच (कीफ्रेम, म्हणजे फाइलमध्ये पूर्ण साठवलेलं चित्र) बसतो. एमपेग-२ मध्ये ती साधारण अर्ध्या सेकंदाला येते, एच.२६४ मध्ये एक-दोन सेकंदांनी. म्हणून जाहिरातीचं शेपूट राहतं किंवा संवादाचं पहिलं अक्षर जातं. मी नेहमी शेपूट राहू देतो. लॉसलेसकट या कापायच्या प्रोग्रॅममध्ये मुख्य चौकटीवर उडी मारायची बटणं आहेत, काप कुठे बसणार ते आधी दिसतं.

आपोआप जाहिरात ओळखणारं कॉमस्किप काळी चौकट, शांतता आणि लोगो यांवर चालतं. आपल्याकडे प्रसंग संपून जाहिरात लागताना काळी चौकट मध्ये असेलच असं नाही. लोगोवर भिस्त ठेवून सेटिंग करा आणि निकाल डोळ्यांनी तपासा.

उंबरठा_ओलांडून

जाहिराती कापताच कशाला? माझ्या लेखी जाहिरातीसकट असलेली प्रतच मूळ. मालिका कुठून तरी परत मिळेल, त्या रात्रीची साबणाची जाहिरात, मधली बातम्यांची पट्टी, "थोड्याच वेळात" हे परत मिळणार नाही. कोपऱ्यातला लोगोही तारीख सांगतो. अल्फा मराठी दिसलं की ते रेकॉर्डिंग चॅनेलचं नाव झी मराठी होण्याआधीचं. लोगो पुसणारे तिथे धुरकट डाग ठेवतात आणि तारीखही घालवतात.

बीबीसीने १९६० च्या दशकातल्या 'डॉक्टर हू'च्या भागांच्या टेपा पुसल्या होत्या. चित्र गेलेल्या भागांचाही आवाज आज आहे, कारण प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डर लावून तो धरून ठेवला होता.

चकली

पटतंय हो, पण आईला तासात १२ मिनिटं जाहिराती नको असतात ना!

टेपवाला

१२ हा आकडा बरोबर आहे, केबलच्या नियमांत तासाला कमाल तेवढीच मर्यादा लिहिलेली आहे.

कापायचं नसेल आणि बघायच्याही नसतील तर कोडी हा व्हिडिओ प्लेयर वापरा. फाइलशेजारी त्याच नावाची, ईडीएल शेवट असलेली साधी मजकुराची फाइल ठेवा. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: सुरुवात सेकंदांत, शेवट सेकंदांत, आणि क्रिया. उदाहरणार्थ

३१२.४० ४९८.१० ३

(फाइलमध्ये आकडे इंग्रजी लिपीत लिहा.) ३ म्हणजे जाहिरात, कोडी ती आपोआप ओलांडतं, पण मागे जाऊन बघता येते. तिथे ० लिहिलं तर तेवढा भाग नसल्यासारखाच वागतो. ओळ पुसली की सगळं जसंच्या तसं. कॉमस्किप ही फाइल स्वतः तयार करून देतं. यात मूळही राहतं आणि उंबरठा यांच्या साबणाच्या जाहिरातीही राहतात.

उंबरठा_ओलांडून

हे माहीत नव्हतं. आजच करते.

पन्हाळ्याचा_वारा

यूट्यूबवर अनधिकृत चढवलेल्या प्रतींबद्दल. पकडलं जाऊ नये म्हणून चित्र आरशासारखं उलटवतात, वेग किंचित वाढवतात, भोवती चौकट लावतात. उलटवलेलं ओळखायला पदर बघा. सगळ्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावर आणि पुरुषांच्या शर्टाची बटणं उलट बाजूला दिसली की समजा. (गुजराती घरातला प्रसंग असेल तर पदरावर जाऊ नका.) शंका राहिली तर पाटी किंवा कॅलेंडर येईपर्यंत थांबा, उलटी अक्षरं खोटं बोलत नाहीत.

नीलमोहर

आणि एआयने मोठं केलेलं ओळखायला नामावली. देवनागरीत रफार, अनुस्वार, जोडाक्षरं वितळलेली दिसतात, "र्व" चं भलतंच काही तरी होतं. चेहऱ्याला डोळा फसतो, अक्षराला नाही.

चकली

टेपवालाकाका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. टीव्हीवर आवाज येतोय, चित्र काळं. 😟

टेपवाला

एन्कोडरच्या नावात १०-बिट किंवा एच.२६५ निवडलं गेलंय का बघा. नुसतं एच.२६४ (एक्स२६४) हवं. प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१ ठेवा.

चकली

हो, १०-बिटच होतं. परत लावलंय, ४० मिनिटं दाखवतंय. तोवर पोळ्या होतील.