‘उद्याबद्दल चांगलं लिहा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गंगापूर रोडकर: काल इथे कुणी लिहिलं, ‘नैराश्य ही नकारात्मक विचारांची सवय आहे. रोज उद्याबद्दल पाच चांगल्या गोष्टी लिहा, आत्महत्येचा विचार फिरकणार नाही.’ तळपायाची आग मस्तकात गेली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेकने 1974 मध्ये निराशा मोजायला 20 विधानांची पट्टी केली. आत्महत्येचे विचार येतात म्हणून दाखल झालेल्या 207 रुग्णांचा माग ठेवला. 1985 चा निष्कर्ष: दाखल करतानाच्या नोंदींपैकी पुढचा धोका दाखवला तो या पट्टीने आणि नैराश्याच्या प्रश्नावलीतल्या भविष्याबद्दलच्या एका प्रश्नाने. माझा भाऊ पाडव्याला शर्ट घ्यायला आला. मापाचा शर्ट हातात धरून म्हणाला, “घालणार कधी?” दुःखी दिसत नव्हता. पुढचं काही दिसतच नव्हतं त्याला. त्याने पाच गोष्टी कुठून आणायच्या?

निफाडकर: पुढचं दिसत नाही हा काय मनाचा दोष? ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरला निर्यातच बंद. आमचा ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत उभा होता. वडील त्या रात्री जेवले नाहीत. त्यांना कसली पट्टी लावता?

सिडकोतली ताई: कांदा महागला की आम्ही काय खायचं, हेही बोला की! पगार तेवढाच राहतो.

निफाडकर: दोन रुपये किलोने विकलाय कधी? गाडीभाडंसुद्धा निघत नाही. बांधावर येऊन बोला!

सिडकोतली ताई: आवाज चढवू नका. माझा नवरा अंबडच्या कारखान्यातून कमी झाला तेव्हा आमच्या बांधावर कोण आलं होतं?

सातपूरकर: कांदा बाजूला ठेवा. मी रुग्णालयाच्या वॉर्डात काम करते. 2017 मध्ये 50 वर्षांचे 365 अभ्यास एकत्र तपासले गेले. कोण जीव देईल हे ओळखणं नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरं निघालं. पट्टीवर गुण कमी आले म्हणून माणूस घरी पाठवायचा नसतो. सरळ विचारायचं, “मरावंसं वाटतं का?” विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही.

गंगापूर रोडकर: बरं, पट्टीने भाकीत होत नाही, मान्य. पण निराशा हा उपचाराचा विषय आहे, सुविचारांचा नाही, यावरून मी हटणार नाही.

निफाडकर: उपचार घ्यावेत, नाही म्हणत नाही. पण आधी कर्ज फिटलं पाहिजे.

सातपूरकर: दादा, कर्ज फिटेपर्यंत वडिलांना थांबवू नका. 14416 वर आज फोन लावा, टेली मानस म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. आणि गंगापूर रोडकर, भावाला डॉक्टरांकडे नेलंत का?

गंगापूर रोडकर: नेलं. गोळ्या चालू आहेत. शर्ट अजून पिशवीतच आहे.

निफाडकर: नंबर घेतला. कांद्याचं मात्र माझं तेच म्हणणं आहे.