मदत हवी आहे : परसबागेतली भाजी खिचडीपर्यंत पोचतच नाही

नमस्कार मंडळी,

माण तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवतो. पहिली ते चौथी, पट 38. दोन वर्षं झाली, शाळेमागच्या जेमतेम अर्ध्या गुंठ्यात परसबाग करतोय. उगवायची अडचण नाही. पोरं शेतकऱ्यांचीच, वाफा कसा बांधायचा ते मलाच शिकवतात.

घोडं अडतं ते पुढे. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे रोज 50 ग्रॅम भाजी धरलीय, म्हणजे आमची गरज दिवसाला 1 किलो 900 ग्रॅम. गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर मेथी-पालक एकदमच पेरला आणि दोन्ही काढणीला आलं नेमकं दिवाळीच्या सुट्टीत. परत येऊन बघतो तर मेथीला फुलं आणि पालक जून झालेला.

यंदा वेळेवर निघाला, तर स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "गुरुजी, तीन पाण्यानं धुवा, निवडा, चिरा, अन् पोरं पान न् पान ताटाच्या कडंला लावून ठेवत्यात." खोटं नाही. दुसरीतला एक गडी तर कडेनं अशी रांग लावतो की प्रार्थनेलाही कधी लागत नाही तशी. आणि हाच मधल्या सुट्टीत मुळा उपटतो, चड्डीला माती पुसतो आणि उभ्या उभ्या कचाकचा खातो!

तर, कमी निवडायची, पोरं खातील अशी आणि मे महिन्यात न मरणारी कुठली भाजी लावू? बोअर मार्चलाच बसते. ताटं धुतलेलं पाणी तेवढं रोज निघतं, ते वापरू का?

प्रतिसाद 1
सर, सगळी गरज बागेतून भागवायचा हट्ट सोडा. अर्ध्या गुंठ्यात ते व्हायचं नाही, आणि मावशींवर कामही पडतं. मेथी एकदम न पेरता दर आठवड्याला दोन ओळी टाका. पंचवीस-तीस दिवसांत येते, त्यामुळे सुट्टीची तारीख धरून मागे मोजायचं. कुंपणावर वाल, घेवडा चढवा. शेंगा मोडायला पोरं बसतात, निवडायचं काम निम्मं होतं. आमच्याकडे अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यामुळे (2020 ची पद्मश्री त्यांना) गावठी बियाणं जपायची गोडी लागलीय. तुमच्याही गावात एखाद्या आजीच्या गाडग्यात वालाचं बी असणारच. पोरांना मागायला पाठवा, बियाण्याबरोबर ते कसं शिजवायचं हेही कळेल.

प्रतिसाद 2
ताटांचं पाणी पालेभाजीला अजिबात नको. साबण, तेल, मीठ सगळं त्यात असतं. खरकटं गाळून केळी आणि कर्दळीला सोडा, तेही एकाच जागी तुंबू देऊ नका. उन्हाळ्यासाठी शेवगा आणि कढीपत्ता. शेवगा कमरेइतका झाला की शेंडा खुडा, नाहीतर शेंगा काढायला शिडी लागेल. बुडाशी बिनरंगाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवा, तोंडावर झाकण. पाणी झिरपत राहतं, सुट्टीत कुणीतरी आठवड्यातून दोनदा भरलं तरी रोप तगतं.

आणि मुळ्याचं उत्तर तुम्हीच लिहिलंय की! मुळा, गाजर, काकडी शिजवताच कशाला? स्वच्छ धुऊन खिचडीबरोबर कच्ची द्या.

धागाकर्ता
दोघांचे आभार. हे एवढं साधं मला का सुचलं नाही कोण जाणे. काल मुळ्याच्या चकत्या वाढल्या, लिंबू पिळून. ताटाच्या कडेला एकही दिसली नाही. मावशींना शेवग्याचं सांगितलं तर म्हणाल्या, "शेंगा चालतील, पाला आणू नका."

मडकी आठवडे बाजारात बघतो. एकच राहिलं : शेवगा फांदीचा तुकडा रोवून लावू की बियांनी?