मदत हवी आहे: आईबाबांसाठी आता कुठला डॉक्टर धरायचा? (सदाशिव पेठ, पुणे)

खिडकीतली:
नमस्कार मंडळी, लांबण लागणार आहे, आधीच सॉरी. आई ७६, बाबा ८१, पेठेत दुसरा मजला, लिफ्ट नाही (रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा ९ वर्षं चालू आहेत, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल). मी वाकडला. आमचे डॉक्टरकाका, साधे एमबीबीएस, माझा गोवरसुद्धा त्यांनीच बघितलेला, त्यांनी दिवाळीनंतर दवाखाना बंद केला. म्हणाले आता मलाच डॉक्टर लागतो. आईबाबांच्या केसपेपरचा गठ्ठा रबरबँड लावून हातात दिला आणि चहा पाजला.

आता प्रॉब्लेम असा की आईला डॉक्टर कमी नाहीयेत. हार्टवाले आहेत, शुगरवाले आहेत, गुडघ्याचे आहेत, चक्कर येते म्हणून मध्ये एक ईएनटी पण झाले. एकेक जण खरंच चांगला आहे, पण जो तो आपल्या गोळ्या लिहितो आणि बाकीचं विचारलं की "ते त्यांना विचारा". मोजल्या तर दिवसाला ११ गोळ्या होतात. गेल्या महिन्यात रात्री दोनला बाथरूमला उठली आणि पडली, हाड मोडलं नाही हे नशीब, कपाळाला ४ टाके. टाके घालणाऱ्या पोरसवदा डॉक्टरने विचारलं, यांचे नेहमीचे डॉक्टर कोण? मला उत्तरच देता येईना, मी चार नावं सांगितली, तो म्हणाला तसं नाही, नेहमीचे.

तर तो नेहमीचा कसा शोधायचा? घराखालीच एक बीएचएमएस (होमिओपॅथीच्या डॉक्टर) बाई आहेत, प्रेमळ, रविवारीसुद्धा वर येऊन बीपी बघून जातात. हॉस्पिटलच्या ओपीडीत एमडी मेडिसिन आहेत पण दीड तास बसून ४ मिनिटं मिळतात. भाऊ न्यू जर्सीत, तो म्हणतो तिकडे प्रत्येकाचा एक ठरलेला डॉक्टर असतो, फॅमिली मेडिसिन नाहीतर इंटर्नल मेडिसिन नाहीतर जेरियाट्रिशियन, तसा बघ. फोनवर सांगायला काय जातंय. पुण्यात असं काही असतं का? नावं इथे नको, व्यनि (खाजगी निरोप) करा, पण निवडायचं कसं ते इथेच सांगा.

कर्वेरोडकर:
भाऊ म्हणतोय ते सगळं इथे आहे, फक्त पाट्या वेगळ्या. तिकडचं इंटर्नल मेडिसिन म्हणजे आपलं एमडी मेडिसिन, ज्याला आपण नुसतं फिजिशियन म्हणतो. फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी किंवा एमडी केलेले पण असतात, ते लहान बाळापासून आजीपर्यंत सगळे बघतात, संख्येने कमी. आणि जेरियाट्रिक म्हणजे म्हाताऱ्यांचाच डॉक्टर, ते तर अजून कमी, देशात त्याचं एमडी पहिल्यांदा १९९६ ला मद्रास मेडिकल कॉलेजला सुरू झालं, म्हणजे विषयच तसा नवा. दवाखान्यावर "फॅमिली फिजिशियन" लिहिलंय म्हणून फॅमिली मेडिसिन शिकलेला असेलच असं नाही हां, नावापुढची डिग्री वाचायची. एमबीबीएस आणि पुढच्यांचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर बघता येतं.
माझं मत, ११ गोळ्या आहेत तर एमडी मेडिसिन धरा, पण मोठ्या हॉस्पिटलात नको, स्वतःचा छोटा दवाखाना असलेला.

एक_आजोबा:
ताई, मी ७९, पेशंटच्या बाजूने सांगतो कारण इथे सगळी मुलंच लिहितायत. एक ना धड भाराभर चिंध्या ही माझीपण अवस्था होती. डिग्री बघा जरूर, पण आधी जिना बघा, त्यांचा पण आणि तुमचा पण, दवाखाना पहिल्या मजल्यावर असेल आणि कठडा डुगडुगत असेल तर तिथे सुवर्णपदकवाला बसला तरी मी महिन्यात दोनदा जाणार नाही, आणि मी गेलो नाही की मग बीपी वाढलं की एकदम रिक्षा आणि कॅज्युअल्टी. दुसरं म्हणजे फोन कोण उचलतं, रात्री अकराला नको, पण संध्याकाळी सातला उलट फोन येतो का. आणि तिसरं माझं स्वतःचं, तो माझ्याशी बोलतो का मुलाशी. एका ठिकाणी मी समोर बसलेलो आणि डॉक्टर मुलाला विचारतायत, यांना संडासला साफ होते का? मी काय पार्सल आहे? तिथे परत गेलो नाही.

गोळीबार_मैदान:
मी स्वतः जनरल प्रॅक्टिसमध्ये आहे म्हणून थोडं लिहितो. ताई, नेटवर वाचून एकही गोळी बंद करू नका, पण हा प्रश्न घेऊन जा. बीपीसाठी अम्लोडिपिन चालू आहे का, त्याचा डोस वाढवला होता का, त्यानंतर घोट्याला सूज आली का, आणि त्या सुजेसाठी दुसऱ्या कुणी लघवीची गोळी दिली का? आम्ही हे सतत बघतो. अम्लोडिपिनने बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि पाणी बाहेर झिरपून पायात उतरतं, अंगात जास्तीचं पाणी झालेलं नसतं, त्यामुळे लघवीच्या गोळीने ती सूज फारशी उतरत नाही पण बाई रात्रीत तीनदा उठते, त्यात बीपी उतरलेलं, सोडियम कमी झालेलं, झोपेची अर्धी गोळी पोटात, आणि बाथरूमला उंबरा. सूज हार्टची, किडनीची पण असू शकते, ते तपासूनच ठरवायचं, पण कुणीतरी हा सगळा क्रम एका जागी बसून वाचायला पाहिजे.

डॉक्टर पारखायचा असेल तर एक बघा. चक्कर म्हटल्यावर तो बीपी फक्त खुर्चीत बसवून घेतो की ५ मिनिटं आडवं झोपवून आणि मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी पण घेतो. उभं राहिल्यावर वरचं बीपी २० किंवा जास्त पडलं तर पडण्याचं कारण बरेचदा तिथेच सापडतं. दुसरं, तीन महिन्यांची शुगर. ७६ व्या वर्षी पडणाऱ्या बाईची ६.२ आली म्हणून शाबासकी देणारा डॉक्टर मला नको, ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर पहाटे शुगर खाली जात असेल हा विचार आधी यायला हवा, या वयात ७.५-८ पण चालवून घेतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं असेल तर बी१२ कधी बघितलंय विचारा. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लो (दुखण्याची गोळी) आणत असतील तर ते पण सांगा, आया हे लपवतात.

सकाळी_सारसबाग:
बीएचएमएस बाईंच्या भरवशावर राहू नका एवढंच म्हणेन. ज्याचं काम त्याने करावं.

पोहे_विथ_सांबार:
@सकाळी_सारसबाग, तुमचे एमडी रविवारी दोन मजले चढून येतात का? नाही ना. मग.

कर्वेरोडकर:
सीसीएमपीचा, म्हणजे होमिओपॅथांनी कोर्स करून अ‍ॅलोपॅथीची औषधं द्यायची की नाही हा वाद कोर्टात चालू द्या, इथे नको. दोघंही ठेवा की, बाई बीपी लिहून ठेवतील, गोळ्या एमडी ठरवतील.
आणि ताई, आयुष्मान भारतचं ७० वरच्यांचं कार्ड काढलं नसेल तर काढून ठेवा, ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत, पण ते अ‍ॅडमिट झाल्यावर. ओपीडीची फी आणि महिन्याच्या गोळ्या आपल्याच खिशातून.

खिडकीतली:
तीन आठवड्यांनी अपडेट देतेय, सगळ्यांचे खूप आभार. व्यनितून तीन नावं आली, त्यातले टिळक रोडजवळचे एमडी मेडिसिन धरले, तळमजला आहे, आजोबा तुमची अट पूर्ण. फोन केला तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, फाइल नंतर, आधी घरात आहेत त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, आयुर्वेदिक पण, अर्ध्या स्ट्रिपा पण. चितळ्यांची पिशवी भरली. डॉक्टरांनी ती टेबलावर उपडी केली आणि पत्ते लावतात तशा स्ट्रिपा लावत बसले, २५ मिनिटं. अ‍ॅसिडिटीची गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी चालू होती, हार्टवाल्यांची एक आणि गुडघेवाल्यांची एक, आत औषध तेच, आई दोन्ही सकाळी उपाशीपोटी इमानदारीत घेत होती. कानाच्या डॉक्टरांची चक्करेची गोळी १५ दिवसांसाठी होती, ती आठ महिने चालू, कारण बंद करा असं कुणी म्हणालंच नाही आणि मेडिकलवाला काही न विचारता देत होता.

झोपून वरचं बीपी १४४, उभं राहून ११६. गोळीबार_मैदान, तुम्हाला साष्टांग, अम्लोडिपिन खरंच ५ चं १० झालेलं होतं आणि लघवीची गोळी संध्याकाळी सहाला होती. त्यांनी हार्टवाल्यांना समोरच फोन लावला आणि दोघांनी मिळून बदललं. आता ७ गोळ्या आहेत, रात्री एकदाच उठते, घोटा दाबला तर खड्डा पडत नाही. सोडियमची तपासणी परत आहे. खालच्या बाई एक दिवसाआड बीपी घेऊन वहीत लिहितात, उभं आणि झोपून दोन्ही, आणि मला त्याचा फोटो पाठवतात. त्यांनाच सगळ्यात आनंद झालाय असं वाटतं.

फक्त बाबा. ते यायलाच तयार नाहीत. मला काय धाड भरलीये म्हणतात आणि दर गुरुवारी रिटायर झालेल्या डॉक्टरकाकांना फोन करून तासभर बोलतात, त्यात पाच मिनिटं स्वतःच्या खोकल्याचं आणि बाकी सगळं क्रिकेट. यांना कसं न्यायचं, काही सुचतंय का?

एक_आजोबा:
आईंच्या सोबतीला म्हणून न्या. पिशवी त्यांच्या हातात द्या. मला असंच नेलं होतं.