एडिनबरा: तीन रात्री, सासूबाईंचा गुडघा आणि नवऱ्याची एक्सेल शीट

मुक्ता_रेडिंग

मे अखेरीस शाळेला आठवडाभर सुट्टी आहे, तेव्हा एडिनबराला जायचं ठरतंय. लंडनहून ट्रेनने, तीन रात्री. आम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा आणि नाशिकहून आलेल्या सासूबाई. वय ७२, उत्साह दांडगा, पण उजवा गुडघा कुरकुरतो. सपाटीवर तासभर आरामात चालतात, जिना उतरताना मात्र कठडा लागतोच. खाण्यात अंडंही नाही.

नवऱ्याने एक्सेल शीट केली आहे. पहिल्याच दिवशी किल्ला, रॉयल माइल, मेरी किंग्ज क्लोज, म्युझियम आणि संध्याकाळी कॅल्टन हिल! का, तर "नकाशात सगळं हाकेच्या अंतरावर आहे." मला ती शीट वाचूनच दम लागला. ओल्ड टाउनमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅटही त्याने हेरून ठेवलाय. खिडकीतून किल्ला दिसतो म्हणे. तिथे राहणाऱ्या कुणी जरा खरं काय ते सांगाल का? आणि हो, दुसऱ्या दिवशी संकष्टी येतेय.

लीथकर

मुक्ताताई, आधी तो फ्लॅट रद्द करा. मग बाकीचं बोलू.

ओल्ड टाउनमधल्या त्या जुन्या दगडी इमारतींत लिफ्ट सहसा नसते. गोल फिरणारा दगडी जिना, शंभर-दोनशे वर्षं पाय पडून पायऱ्या मध्ये झिजून खोलगट झालेल्या, आणि कठडा असलाच तर एकाच बाजूला. इथला तिसरा मजला म्हणजे तळमजला सोडून तिसरा, हेही लक्षात घ्या. किल्ला खिडकीतून बघायचाच असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटवरून हवा तेवढा फुकट दिसतो. लिफ्ट असलेलं हॉटेल न्यू टाउनमध्ये नाहीतर हेमार्केटकडे बघा. ट्राम जवळ पडते आणि रस्तेही त्यातल्या त्यात सपाट.

आता नकाशाचं. या गावात अंतर विचारायचं नाही, उंची विचारायची. जॉर्ज फोर्थ ब्रिज आणि काउगेट हे रस्ते नकाशात एकमेकांना छेदतात. प्रत्यक्षात एक पुलावर आहे आणि दुसरा त्याच्या पोटाखालून जातो. फोन सांगतो "दोन मिनिटं", आणि ती दोन मिनिटं म्हणजे अंधारा बोळ आणि त्यातल्या पायऱ्या. वेव्हर्ली स्टेशन तर खड्ड्यातच आहे. प्रिन्सेस स्ट्रीटकडे जायला सरकते जिने आणि लिफ्ट आहे, तिकडूनच बाहेर पडा. फ्लेशमार्केट क्लोज या पायऱ्यांच्या बोळाने वर जायचा मोह नवऱ्याला होईल, फोटो सुंदर येतात. त्याला एकट्याला जाऊ द्या.

किल्ला सकाळी उघडल्या उघडल्या गाठा. तिकीट आधी ऑनलाइन काढा, सुट्टीच्या आठवड्यात दारात मिळेल याची खात्री नाही. टॅक्सीने वरपर्यंत या. आतही चढ आहे आणि खाली गोटे बसवलेले, म्हणून दारातच सांगा की आजींना चालायला त्रास होतो. अशा लोकांना वर नेणारी छोटी गाडी असते. वर गेलात की राजमुकुट, मॉन्स मेग ही १४४९ ची अवाढव्य तोफ आणि सेंट मार्गारेटचं चॅपल बघा. ते चॅपल बाराव्या शतकातलं, शहरातली सर्वांत जुनी वास्तू. आत आपल्या घरातल्या हॉलएवढीच जागा, पण सासूबाईंना तिथेच बसावंसं वाटेल. स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाचा तो प्रसिद्ध दगड मात्र शोधत बसू नका, २०२४ मध्ये तो स्कॉटलंडमधल्याच पर्थच्या म्युझियममध्ये गेला. जुन्या ब्लॉगांवर अजून किल्ल्यातच आहे.

बरोबर एक वाजता तोफ उडते (रविवारी नाही). मुलाला पुढे उभं करा, सासूबाईंना आधी कल्पना द्या. लीथ बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून कॅल्टन हिलवरच्या मनोऱ्यात एक वाजता चेंडू खाली सोडायचे. धुक्यात तो दिसेना, म्हणून १८६१ पासून ही तोफ. मे महिन्यात समुद्रावरून 'हार' नावाचं धुकं आत शिरलं की कारण आपोआप पटतं: सकाळी ऊन, आणि अकराला समोरचा किल्ला गायब. एकेक जाड जॅकेट बॅगेत हवंच.

बाहेर पडताना पटांगणात ७८व्या हायलँडर्स पलटणीचं स्मारक दिसेल. ते १८५७-५८ मध्ये हिंदुस्थानात मेलेल्यांचं आहे. हीच पलटण १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभी होती. असई म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातलं. लोक तिथे टेकून आइस्क्रीम खातात. मला जरा विचित्र वाटतं, पण सांगणार कुणाला.

भूगर्भ_पुणे

उंचीचं कारण सांगतो, मुलाला आवडेल. किल्ल्याखालचा कातळ म्हणजे सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा. हिमयुगात पश्चिमेकडून बर्फ सरकत आलं. त्याला हा कातळ काही फुटेना, पण त्याच्या पाठीमागचा मऊ खडक आडोशाला सुरक्षित राहिला आणि पूर्वेकडे उतरती शेपूट तयार झाली. त्या शेपटीवरून जाते ती रॉयल माइल. म्हणून रस्ता किल्ल्यापासून हॉलीरूड राजवाड्यापर्यंत उतरतच जातो आणि दोन्ही बाजूंचे बोळ खाली कोसळतात. सह्याद्रीचा बसाल्ट यापुढे अगदी तरुण, साडेसहा कोटी वर्षांचा.

आर्थर्स सीट ही टेकडी (२५१ मीटर) बापलेकांनी चढावी. ओल्या दिवशी दगड गुळगुळीत होतात, साध्या बुटांत जाऊ नये.

मुक्ता_रेडिंग

फ्लॅट रद्द! नवरा जरा फुगलाय. रॉयल माइल उतरती आहे म्हणजे चांगलंच ना? की उलट? खाण्याचं आणि संकष्टीचं कुणीच बोललं नाही.

लीथकर

तरुणांसाठी चांगलं, तुमच्या सासूबाईंसाठी उलट. उतारच नडतो त्या गुडघ्याला, आणि खाली फरसबंदी. किल्ल्यापासून सेंट जाइल्स कॅथीड्रलपर्यंत हळूहळू या, आत बाकावर टेका. तिथून पुढचा रस्ता बसने किंवा टॅक्सीने. बसमध्ये कार्ड टेकवलं की झालं. रोख दिलेत तर सुटे मोजून द्या, परत मिळत नाहीत.

मेरी किंग्ज क्लोज जमिनीखाली आहे, पायऱ्या आणि वेडीवाकडी जमीन. तिथे बापलेक. कॅमेरा ऑब्स्क्युरा या आरशा-भिंगांच्या मनोऱ्यालाही तेच, वरपर्यंत जिनेच जिने. (ती इमारत १८९२ मध्ये पॅट्रिक गेडिसने घेतली होती. तोच पुढे १९१९ ला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला.) तेवढ्या वेळात तुम्ही दोघी चेंबर्स स्ट्रीटच्या नॅशनल म्युझियममध्ये जा. फुकट आहे, लिफ्ट आहेत, बसायला जागोजागी बाकं. क्लोन केलेली डॉली मेंढी तिथेच पेंढा भरून ठेवलीय. पण खरी गंमत गच्चीवर. लिफ्टने वर गेलात की किल्ला, आर्थर्स सीट, सगळं गाव समोर. एकही पायरी न चढता कॅल्टन हिलची हौस फिटते. शीटमधून ती ओळ खोडा.

खाण्याचं: मेनूवर 'व्हेजिटेरियन' लिहिलं की अंडं असू शकतं. 'व्हीगन' खूण शोधा, आणि वर चहात दूध घ्या! शाकाहारी हॅगिस जरूर मागवा. ओट्स, डाळी, मसाला, सोबत बटाटा आणि सलगमाचा लगदा. बहुतेक ठिकाणी व्हीगनच असतं, तरी विचारून घ्या. तिखटाची पुडी पर्समध्ये असू द्या. शॉर्टब्रेडमध्ये लोणी, साखर, मैदा एवढंच असतं. ते नाशिकला न्यायलाही चालेल.

क्लाइडकाठ

संकष्टीला जॅकेट पोटॅटो! अख्खा भाजलेला बटाटा, वर नुसतं लोणी आणि मीठ, कुठल्याही साध्या कॅफेत मिळतो. अडचण चंद्राची आहे. मेअखेरीस इथे सूर्यच साडेनऊनंतर मावळतो आणि चतुर्थीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, तोही ढगांनी कृपा केली तर. माझी आई इथे असताना नाशिकची चंद्रोदयाची वेळ धरून उपास सोडायची. म्हणजे इथली संध्याकाळच. तुमच्या सासूबाईंना पटतंय का बघा.

तिसऱ्या दिवशी सकाळी तासाभराची एक चैन: वेव्हर्लीहून नॉर्थ क्वीन्सफेरीची लोकल पकडा. १८९० चा फोर्थ ब्रिज, अडीच किलोमीटर लांब, लाल पोलादी, तुम्ही ट्रेनमध्ये बसूनच तो ओलांडता. मुलाला खिडकी द्या. पलीकडे उतरून घाटावर वीस मिनिटं बघत बसा आणि परत या.

मुक्ता_रेडिंग

नाशिकची वेळ सासूबाईंना एका क्षणात पटली. "देव तोच आहे ना" म्हणाल्या. येताना ट्रेनमध्ये कुठल्या बाजूला बसायचं?

लीथकर

लंडनहून इकडे येताना उजवीकडे. डरहॅमचं कॅथीड्रल, मग अल्नमथपासून पुढे बराच वेळ समुद्र. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढा, मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलाला ६० टक्के सूट मिळते. उशिरा जाणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर, २४ जुलै २०२६ पासून इथे मुक्कामावर पाच टक्के पर्यटक कर आहे, पहिल्या पाच रात्रींपुरता. आणि ऑगस्टमध्ये फेस्टिव्हलसाठी येणार नसाल तर ऑगस्टमध्ये येऊच नका. हॉटेलांचे भाव बघून हार्ट अटॅक येईल.