मदत हवी आहे : 'संसार' म्हणजे बोलणं कसं काय झालं?

नमस्कार मंडळी. मी मिरजेची. आमच्या वरच्या मजल्यावर केरळची एक नर्स राहते. परवा फोन कानाला लावूनच जिन्यात भेटली आणि म्हणाली, "ताई, अम्माशी संसारम् चाललाय." मी म्हटलं, आईशी कसला संसार? तर मल्याळममध्ये संसारम् म्हणजे बोलणं!

आपला संसार म्हणजे घरदार, भांडीकुंडी, ओढायचा गाडा. हिंदीत सगळं जगच. सांगलीच्या हळद बाजारात येणाऱ्या कन्नड मंडळींचा संसार म्हणजे कुटुंब, कधी बायकोसुद्धा. तमिळ बोलण्यातही बायकोच. (बायको म्हणजे संसार हे पटतं, तो ओढतं कोण?) मुळात संस्कृतात सम् + सृ, म्हणजे सरणं, वाहत जाणं; त्यावरून जन्ममरणाचा फेरा. तिथून जग, मग घर, इथपर्यंतची वाट समजते. पण बोलणं?

मल्याळमच्या या अर्थामागचं कारण कुणी सांगेल का? व्युत्पत्तिकोश असेल तर नेमका कुठला बघू? आणि कृपया 'बायका एकत्र आल्या की बोलतात म्हणून' हे उत्तर नको, ते आमच्या ह्यांनी आधीच देऊन झालंय.