ज्येष्ठांच्या कट्ट्यासाठी प्रश्न सुचवा (नेरूळ)

पारिजात

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत शनिवारी संध्याकाळी क्लब हाउसमध्ये ज्येष्ठांचा कट्टा भरतो. सातारा-सांगलीकडचे आहेत, कोकणातले आहेत, खानदेशातले आहेत, दोघं-तिघं इथल्याच मूळ गावांतले आहेत. माझे बाबाही असतात. चहा आणि गप्पांना सुरुवात करून देणं, ही दोन कामं यंदा माझ्याकडे आली आहेत.

अडचण अशी की गप्पा गुडघे, मधुमेह आणि राजकारण यांच्या पलीकडे जात नाहीत. राजकारण निघालं की तेच दोन-तीन आवाज चढतात, बायका गप्प होतात आणि काही जण पुढच्या वेळी फिरकत नाहीत. म्हणून दर वेळी एकच प्रश्न ठेवावा असं मनात आहे. ज्याचं बरोबर-चूक उत्तर नसतं असा. रोजच्या जगण्यातला चालेल, 'असं झालं तर काय कराल' या धर्तीचा चालेल. नेटवर याद्या पुष्कळ मिळाल्या, पण निर्जन बेटावर कोणत्या तीन वस्तू न्याल असं विचारल्यावर एक काका म्हणाले, "मी बेटावर जाऊ कशाला?" आणि त्यांचं बरोबर आहे. ते बेट त्यांच्या आयुष्यात कधी नव्हतंच.

प्रश्न सुचवा, आणि सोबत तुमचं स्वतःचं उत्तरही लिहा. त्यावरून मला अंदाज येईल.

चरईकर

छान धागा. माझा सल्ला : प्रश्न लहान आणि ठोस ठेवा. 'आयुष्यात काय कमावलंत?' असं विचारलं की माणूस भाषण करतो नाहीतर गप्प बसतो.

एक प्रश्न ठाण्याकडून घ्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी आली. चौतीस किलोमीटरचा प्रवास, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. त्या गाडीत तुम्हाला दोन जागा मिळाल्या, तर शेजारी कोणाला बसवाल?

माझं उत्तर : आजी. लग्न होऊन सिन्नरहून ठाण्यात आली. माहेरी जायला क्वचितच मिळायचं आणि तेव्हाही खिडकी आम्हा नातवंडांची. तिला खिडकीत बसवायचं आहे.

आमसूल

आमटीत चिंच-गूळ की आमसूल? हसू नका, करून बघा. या एका प्रश्नावर कोण कुठल्या घाटावरचं, कोण कुठल्या खाडीकाठचं, हे पाच मिनिटांत कळतं. गोडा मसाला निघतो, मग सासूबाईंचा हात निघतो, मग परळच्या खोलीतला स्टोव्ह निघतो. आणि ज्या बायका एरवी बोलत नाहीत त्याच सगळ्यात ठाम बोलतात, कारण इथे त्यांच्या शब्दाला वजन आहे.

माझं मत आमसूल. खानदेशवाले डाळीलाच वेगळं वळण देतील, त्यांना सविस्तर बोलू द्या.

कांदाबटाटा

कोपरखैरणेहून. आमचे अप्पा माथाडी. आधी मशीद बंदर, बाजार इकडे हलल्यावर वाशी मार्केट. निवृत्तीनंतर फार अबोल झाले होते. 'कामाची आठवण येते का?' असं कोणी विचारलं की 'नाही' म्हणायचे, संपलं.

मग एकदा माझ्या मुलीने विचारलं, "आजोबा, पाठीवर न्यायला सगळ्यात वाईट माल कोणता?" अप्पा सरळ होऊन बसले. मिरची, म्हणाले. वजनाला हलकी, पण ठसका लागला की पायरीवर तोल जातो आणि डोळे पुसायला हात मोकळा नसतो. गुळाची ढेप पाठीवर कशी घ्यायची, कांद्याचं पोतं ओलं आहे हे हाताला कसं कळतं, हूक कुठे अडकवायचा, पोती शंभर किलोची असायची तेव्हा दोघांनी कशी उचलायची, सगळं सांगितलं. १९६९ ला माथाडी कायदा आला, त्याआधी मजुरीचा आणि आजारपणाचा हिशोब कसा असायचा, तेही त्यातच आलं. आम्ही भावंडांनी यातलं निम्मं कधी ऐकलंच नव्हतं.

तेव्हा माझी शिफारस : 'तुमच्या कामातलं सगळ्यात अवघड काय होतं, जे बाहेरच्याला दिसत नाही?' शिक्षिका, नर्स, टेलिफोन ऑपरेटर, गृहिणी, सगळ्यांना लागू पडतो. गृहिणींना तर आवर्जून विचारा, त्यांना हे कोणी विचारत नाही.

खाडीपूल

वरचे सगळे आवडले. माझा एक 'जर-तर' : नवी मुंबई वसलीच नसती तर तुम्ही आज कुठे असता?

माहिती द्यायची असेल तर हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च १९७०, वाशीचा पहिला खाडीपूल १९७३, लोकल वाशीला पोचली १९९२ मध्ये. पूल व्हायच्या आधी मुंबईहून पनवेलला जाणारा रस्ता ठाणे-मुंब्र्याला वळसा घालून जायचा. हे तुमच्या काकांनी प्रत्यक्ष पाहिलेलं असणार. माझं उत्तर : लालबागला, दहा बाय बाराच्या खोलीत, चार भावांमध्ये. या शहराने मला स्वतःची खोली दिली, हे मी कधी विसरत नाही.

दिवाळेकर

खाडीपूल, तुमच्याबद्दल राग नाही, तुमचं उत्तर मनापासून आलेलं आहे. पण पारिजात, हा प्रश्न ठेवण्याआधी थोडं थांबा. तुम्हीच लिहिलंय की कट्ट्यावर मूळ गावांतलेही आहेत.

ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं आहे. भाताची खाचरं होती, मिठागरं होती, खाडी होती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण भागात जमिनीच्या मोबदल्यासाठी चाललेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. दि. बा. पाटील त्या लढ्याचे नेते. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. आमच्या गावांतल्या सत्तरीच्या माणसांना हा इतिहास सांगावा लागत नाही, त्यांच्यातले काही त्या दिवशी रस्त्यावर होते.

'शहर वसलंच नसतं तर' हा इतरांना गंमतीचा जर-तर आहे. माझ्या आईला विचाराल तर ती उत्तर देणार नाही, उठून जाईल. तिला विचारायचंच असेल तर असं विचारा : खाडीत पूर्वी मिळायचा असा कोणता मासा आता मिळत नाही? मग निवटी, जिताडा, बोईट, चिंबोऱ्या, कोणत्या भरतीला काय, सगळं येईल. शहराबद्दल काय वाटतं तेही येईल, पण तिच्या वेळेने.

खाडीपूल

पटलं. माझ्या डोक्यात फक्त माझ्यासारखे बाहेरून आलेले होते. तरी मला वाटतं, हा विषय कट्ट्यावर कधीच येऊ नये असं नको. पंचवीस-तीस वर्षं शेजारी राहून आम्हाला या गावांची नावं फक्त स्टेशनांमुळे माहीत आहेत.

दिवाळेकर

येऊ दे की. फक्त सुरुवात आमच्या माणसांनी करावी, त्यांना सांगावंसं वाटेल तेव्हा.

तलावपाळी

काय विचारू नये तेही लिहिते. पैशाचे मोठे आकडे नकोत. लॉटरी लागली तर, कोटभर मिळाले तर, असं काही विचारलं की मुलांची घरं आणि कोणाचा मुलगा परदेशात आहे यावर गाडी जाते, आणि ज्यांचं घरी फारसं बरं नाही ते आतून खचतात. 'गेलेला एक दिवस परत मिळाला तर' हाही सावधपणे. नुकताच जोडीदार गेलेला असेल तर तो प्रश्न चारचौघांत सहन होत नाही.

त्याऐवजी : हजार रुपये आणि एक अख्खा दिवस, ठाणे-नवी मुंबईच्या हद्दीबाहेर जायचं नाही, काय कराल? सकाळी नेरूळच्या पाणथळीवर फ्लेमिंगो (हंगामात असतात, आणि ठाणे खाडीला २०२२ पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जाही आहे), दुपारी बेलापूर ते पेंधर मेट्रोत नुसती चक्कर, संध्याकाळी तलावपाळीला भेळ आणि जमलं तर गडकरीला नाटक. गडकरी रंगायतन १९७८ चं, तुमच्यातल्या कित्येकांनी तिथे तरुणपणी नाटकं पाहिली असतील, आवडत्या रांगेपर्यंत बोलतील. शिवाय यातलं एखादं उत्तर खरंच करता येतं. चौघांना घेऊन निघायचं.

आमसूल

विचारायच्या पद्धतीबद्दल राहिलं. गोल बसवून एकेकाला पाळीने विचारू नका, शेवटच्या माणसाला परीक्षेसारखं वाटतं आणि तो आधीच्याचंच उत्तर देतो. शेजारी-शेजारी जोड्या करा. दहा मिनिटं एकमेकांना सांगायचं, मग शेजारच्याचं उत्तर सगळ्यांना सांगायचं, त्याची परवानगी असेल तर. मोठ्याने बोलणाऱ्याला त्यामुळे आधी ऐकावं लागतं. माझ्या सासूबाईंच्या भजनी मंडळात ही पद्धत रुजली आहे, तिथली सगळ्यात अबोल बाई आता दुसरीचं उत्तर रंगवून सांगते.

पारिजात

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. या शनिवारी आमटी, जोड्या करून. त्यानंतर कामातलं न दिसणारं अवघड. पहिल्या गाडीचा प्रश्न १६ एप्रिलच्या आसपास. तलावपाळीताई, हजार रुपयांचा प्रश्न थंडीत, म्हणजे फ्लेमिंगो खरंच बघता येतील.

दिवाळेकर, शहराचा प्रश्न मी ठेवणार नाही, खाडीच्या माशांचा ठेवेन. आमच्या कट्ट्याला बाहेरच्या ज्येष्ठांनाही दार उघडं आहे. तुमच्या आई येतील का?

दिवाळेकर

विचारलं. येते म्हणाली, पण तुमचं 'निवटी' कोणी 'बोंबील' समजलं तर ती तिथेच सुधारणार. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, तेव्हा जोडीदार उजवीकडे बसवा. आणि तिची आमटी चिंचेची आहे, आमसूलताईंना आधीच सांगून ठेवतो.