गोवा १९४७ ते ६१ : पोर्तुगीज सरकारचा प्रचार नक्की कोणासाठी चालायचा?

बांद्याचा_नातू
नमस्कार मंडळी. आमचे आजोबा गोव्याच्या सीमेजवळच्या बांद्याचे. ते सांगायचे की पन्नाशीच्या दशकात रात्री सगळे गोवा रेडिओ लावून बसायचे, कारण ५२ साली माहिती-प्रसारण मंत्री केसकरांनी आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना चाप लावला आणि गाणी ऐकायची तर रेडिओ सिलोन नाहीतर गोवा. गाणी संपून बातम्या लागल्या की पणजोबा खेकसायचे, "बंद कर ते फिरंग्यांचं पुराण." आता प्रश्न असा की शाळेत आपल्याला गोवामुक्ती म्हणजे लोहिया, सत्याग्रह आणि ६१ चं लष्करी ऑपरेशन विजय एवढंच, सगळं मिळून अर्धं पान. पण इंग्रज गेल्यावर हे पोर्तुगीज अजून १४ वर्षं टिकून राहिले, म्हणजे लोकांना काहीतरी सांगत असतीलच ना? काय सांगायचे, आणि कोणाला पटायचं का ते? गोव्याचे कोणी असतील तर लिहा प्लीज.

फोंडेकर
चांगला विषय काढलास. माझं मत आधी सांगतो मग बाकीचं. तो प्रचार आमच्यासाठी नव्हताच फारसा. तो लिस्बनच्या लोकांसाठी आणि त्याहून जास्त न्यूयॉर्क-वॉशिंग्टनसाठी होता.

बघ, १९३० च्या कलोनियल अ‍ॅक्टमध्ये (वसाहतींचा कायदा) सालाझारने, म्हणजे पोर्तुगालच्या पुढच्या हुकूमशहाने, सरळ वसाहत म्हटलेलं, तेव्हा लाज वाटत नव्हती. मग इंग्रज भारतातून गेले, जगात वसाहत म्हणजे शिवी झाली, तर ५१ साली यांनी घटनाच बदलली आणि रातोरात गोवा, अंगोला, मोझांबिक सगळे 'सागरापारचे प्रांत' झाले. माणसं तीच, गव्हर्नर तसाच, पोलीस तेच, पाटी फक्त नवी. पण ती पाटी कामाची होती. ५५ च्या डिसेंबरात पोर्तुगाल युनोत शिरलं आणि तुमच्याकडे स्वयंशासन नसलेले प्रदेश कुठले असं विचारल्यावर यांचं उत्तर, एकही नाही, आमचे सगळे प्रांतच. ही टेप पाच वर्षं वाजली, शेवटी १९६० च्या डिसेंबरात युनोने स्वतःच यादी काढली आणि त्यात गोवा घातला.

आणि हे काम ते नुसतं वकिली कागदांवर करत नव्हते. ब्राझीलचा जिल्बेर्तु फ्रेयर, मोठा समाजशास्त्रज्ञ, त्याला ५१ साली सरकारी पाहुणा करून बहुतेक वसाहती फिरवल्या, गोव्यातही आणला. त्याचा सिद्धांत असा की पोर्तुगीज माणूस उष्ण प्रदेशात स्थानिकांशी मिसळून जातो, इंग्रजांसारखा रंगभेद करत नाही वगैरे. सालाझारच्या लोकांना पूर्वी हा माणूस फारसा पचत नव्हता, पण आता आयता हाती लागला. मग ५२ साली सेंट झेवियरच्या मृत्यूला ४०० वर्षं झाली म्हणून जुन्या गोव्यात शवप्रदर्शन, ३ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत, बाहेरदेशीचे पाहुणे, पत्रकार. श्रद्धेने आलेले लोक श्रद्धेनेच आले होते, त्यांच्याबद्दल काही म्हणत नाही, आमच्याकडचे हिंदूही दर्शनाला जातात आजही. पण सरकारला त्यात 'पूर्वेकडचं कॅथलिक रोम आणि त्याला गिळायला टपलेला नेहरू' हा फोटो हवा होता आणि तो मिळाला.

सगळ्यात मोठा गळ लागला तो ५५ मध्ये. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचा परराष्ट्रमंत्री पावलु कुन्या यांनी संयुक्त पत्रक काढलं, त्यात गोव्याला धरून पूर्वेकडचे 'पोर्तुगीज प्रांत' असा उल्लेख. नेहरू भडकले ते उगाच नाही.

बांद्याचा_नातू
हे भारी आहे, माहीतच नव्हतं. पण मग गोव्यातल्या गोव्यात काय? तिथल्या माणसाला काहीच सांगत नव्हते?

मडगावची_मालिनी
फोंडेकर बरोबर आहेत पण अर्धंच सांगतायत. घरच्या माणसासाठी प्रचार म्हणजे बोलणं कमी आणि तोंडं बंद करणं जास्त. पेपरावर सेन्सॉर होताच, पण नुसता पेपरावर नाही, छापखान्यातून जे काही बाहेर पडेल त्या सगळ्यावर. लग्नाची पत्रिका सुद्धा आधी सेन्सॉरकडे. विचार करा, मुलीचं लग्न ठरलंय, मुहूर्त जवळ आलाय, आणि वधूपिता मजकूर हातात धरून कारकुनापुढे उभा, का तर "आपल्या उपस्थितीची विनंती" या मजकुरात राजद्रोह नाही याची खात्री पटवायला. आमच्या आजीकडे तशी एक पत्रिका होती, ट्रंकेत तळाशी, ती दाखवताना ती हसायची नाही मात्र. आणि लोहियांची १८ जून १९४६ ची मडगावची सभा एवढी मोठी गोष्ट का ठरली ते यातून कळतं, चार लोकांनी परवानगीशिवाय एकत्र उभं राहणं हाच गुन्हा होता. गोव्याचे राष्ट्रवादी नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांनी भाषण-पत्रकं केली तर त्यांना लष्करी कोर्टापुढे उभं करून पोर्तुगालला तुरुंगात धाडलं. नंतर ते सुटून मुंबईला आले आणि तिथून 'फ्री गोवा' पेपर काढला, गोव्यात राहून काढणं शक्यच नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे बाजार. भारताने नाकेबंदी केली, भारताला वाटलं आता सहा महिन्यात गुडघे टेकतील. झालं उलटंच. बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं, आणि पैसा खाणींचा, लोखंडाची माती बोटी भरभरून जपान आणि जर्मनीला जायला लागली. दुकानात परदेशी घड्याळं, नायलॉन, दारू, पर्फ्युम. सीमेपलीकडे कोकणात एक साधी वस्तू मिळायला मारामार आणि इथे ही चैन. याच्याएवढा प्रभावी प्रचार रेडिओ करू शकत नव्हता, आणि खोटं सांगत नाही, काही घरांना तो पटलाही होता. खिशात पैसा खुळखुळत होता त्यांना. खाणीवर डोक्यावरून माती वाहणारीला काय पटणार होतं ते वेगळं.

रानवाट
रेडिओचा विषय निघालाय तर आपल्या बाजूचा रेडिओ कसा राहिला? 'व्हॉइस ऑफ फ्रीडम', पोर्तुगीजमध्ये 'व्होझ द लिबर्दाद'. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो, पुढे दोघांनी लग्न केलं. २५ नोव्हेंबर १९५५ ला सुरू केलं आणि मुक्तीपर्यंत सहा वर्षं चालवलं. दादरा-नगर हवेली ५४ मध्ये सोडवली तेव्हा हाती लागलेले वायरलेस सेट, त्यातून ट्रान्समीटर तयार केला, ट्रकमध्ये बसवला आणि आधी आंबोलीचं जंगल, मग गोव्याच्या सीमेवरचं कॅसलरॉक. आंबोलीला पावसाळ्यात कोणी राहिलंय का इथे? कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते, आणि हे लोक तिथे मशीन कोरडं ठेवून कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये कार्यक्रम करत होते. दिवसभर पेपर वाचायचे, गोवा रेडिओ आणि लिस्बन ऐकायचे, त्यातल्या थापा टिपायच्या आणि एकेक खोडून काढायची. पोर्तुगीज भाषेत का, तर शिकलेला गोंयकार आणि पोर्तुगीज सैनिक दोघांनाही ऐकू जावं म्हणून. लिबियाताईंना २०२५ ला पद्मश्री मिळाली, शंभरी गाठल्यावर!

सदाशिवपेठी
सगळं वाचलं. छान चाललंय, पण आपली बाजू तरी कुठे धुतल्या तांदळासारखी होती? ६१ चा नोव्हेंबर-डिसेंबर घ्या. पोर्तुगीजांच्या अंजदीव बेटावरून आपल्या 'साबरमती' बोटीवर गोळ्या झाडल्या, मग एक मच्छीमार मेला, हे खरंच घडलं, नाकारत नाही. पण त्यानंतर आपल्या पेपरांत रोज पोर्तुगीज सैन्याच्या हालचाली, सीमेवर घुसखोरी, आता हल्ला करणार नि मग हल्ला करणार. साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक, एक जुनी युद्धनौका, लढाऊ विमान एकही नाही, ते भारतावर हल्ला करणार होते? आणि फेब्रुवारी ६२ ला उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन विरुद्ध कृपलानी निवडणूक होती हेही लक्षात ठेवा. गोवा सुटायलाच हवा होता, पण जनमत तापवण्याचं काम दिल्लीनेही पद्धतशीर केलं. इथे सगळे एकाच सुरात गातायत म्हणून म्हटलं.

मडगावची_मालिनी
काका, मान्य, तापवलं. पण १५ ऑगस्ट ५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या, वीसेक माणसं तिथल्या तिथे गेली, तेव्हा पेपरांना तापवायची गरज नव्हती. पुण्यामुंबईची माणसंही त्या तुकड्यांत होती. दोन्हीकडचा प्रचार एकाच तराजूत नका घालू.

सदाशिवपेठी
एकाच तराजूत घातला नाही. तराजू आहे एवढंच म्हटलं.

फोंडेकर
भांडू नका हो. मेनन-निवडणुकीचा मुद्दा तेव्हाही लोक बोलत होते, काका काही नवीन सांगत नाहीयेत. पण मला मूळ प्रश्नाकडे जायचंय, कोणाला पटायचं ते. माझ्या मते शेवटी पटलेलं एकच ठिकाण उरलं होतं, लिस्बन.

ओर्लांदु रिबैरु म्हणून त्यांचा नावाजलेला भूगोलतज्ज्ञ, त्याला सरकारनेच ५५-५६ मध्ये गोव्यात अभ्यासाला पाठवलं. त्याने हिंडून फिरून सालाझारला अहवाल दिला की मी पाहिलेल्या सगळ्या पोर्तुगीज प्रदेशांत हा सगळ्यात कमी पोर्तुगीज आहे, लोक आमची भाषा बोलत नाहीत, आमच्याबद्दल आपुलकी नाही. म्हणजे फ्रेयरच्या बरोबर उलट. तो अहवाल फायलीत गेला, छापून बाहेर यायला १९९९ उजाडलं. फ्रेयर मात्र लगेच छापला.

मग ६१ ला काय झालं बघ. १४ डिसेंबरला सालाझारचा गव्हर्नर वासालु इ सिल्व्हाला निरोप, शरणागती नाही, आमचे सैनिक एकतर विजयी नाहीतर मेलेले. १८ ला पहाटे भारतीय विमानांनी बांबोळीचं रेडिओ स्टेशन उडवलं, म्हणजे तुझ्या आजोबांचं ते गाण्यांचं स्टेशन हेच रे. इथे बहुतेक ठिकाणी लढाई म्हणावी असं फार थोडं झालं आणि १९ ला संध्याकाळी गव्हर्नरने शरणागतीवर सही केली, आणि तिकडे लिस्बनच्या रेडिओवर-पेपरात तुंबळ हातघाईची लढाई, हजारो मेले अशा बातम्या. प्रत्यक्षात त्यांचे तीसेक गेले, आपले बावीस. त्याच वेळी सरदेसाई आणि लिबियाताई वायुदलाच्या विमानात बसून लाउडस्पीकरवरून गोवा सुटला म्हणून सांगत पत्रकं टाकत फिरत होते.

युद्धकैदी ६२ च्या मे महिन्यात परत गेले तेव्हा त्यांचं स्वागत गुन्हेगारांसारखं झालं, कारण जिवंत परत येणं हेच कथेत बसत नव्हतं. वासालुला ६३ मध्ये सैन्यातून काढलं. सालाझारशाही कोसळल्यावर ७४ ला त्याचं नाव परत मिळालं, आणि गोवा भारताचा हे पोर्तुगालने कागदावर मान्य केलं तेही त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला.

बांद्याचा_नातू
म्हणजे १३ वर्षं गोवा यांच्या नकाशावर होताच की. आजोबा असते तर त्यांना ते बांबोळीचं सांगितलं असतं, त्यांना गाणी अचानक बंद पडल्याचं आठवायचं पण कारण कळलं नव्हतं. मालिनीताई, ती लग्नपत्रिका अजून आहे का घरात? असेल तर फोटो टाका ना, नावं झाकून.

मडगावची_मालिनी
मामाकडे आहे बहुतेक, चवथीला गेले की विचारते.